माटुंग्याची उडुपी हॉटेलं: पानावर काय, तव्यामागे काय

इडली समोर आली की चटणीत बुडवायच्या आधी मधोमध मोडून बघावी. आतली जाळी बारीक आणि सगळीकडे सारखी असेल, बोटाने दाबल्यावर हळूच वर येत असेल आणि वास किंचित आंबूस असेल, तर पीठ रात्रभर आपसूक फुगलेलं आहे. जाळीत मोठमोठी भोकं, रंगात पिवळट झाक आणि जिभेवर साबणासारखी चव असेल तर घाईत सोडा पडला आहे. बोटांना चिकटत असेल तर वाफ निवायच्या आतच इडली साच्यातून काढली आहे. माटुंगा पूर्वेला स्टेशनपासून किंग्ज सर्कलपर्यंत चालत दहा-पंधरा मिनिटांचा पट्टा आहे. तिथली जुनी हॉटेलं या परीक्षेत सहसा पास होतात. मुंबईत इतरत्र ‘उडुपी’ अशी पाटी लावलेल्या बऱ्याच हॉटेलांत मात्र सोड्याची चव लपत नाही. फरक कशामुळे पडतो हे कळायला नुसती चव सांगून भागत नाही. ही हॉटेलं कोणी, कुठून येऊन, कशाच्या जोरावर चालवली तेही बघावं लागतं.

१८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाटीवाटीच्या जुन्या वस्तीतून माणसं उत्तरेकडे न्यायची म्हणून ट्रस्टने दादर, माटुंगा, वडाळा, सायन या भागात आखीव रस्ते पाडले, बागा सोडल्या. नव्या इमारतींत राहायला आले ते मोठ्या संख्येने मद्रास इलाख्यातले तमिळ कारकून, टंकलेखक, हिशेबनीस. त्यांच्या मुलांसाठी १९३२ मध्ये साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली, देवळं झाली, भजनसमाज झाले. एकट्याने खोली घेऊन राहणाऱ्या या नोकरदारांना सकाळी कॉफी आणि दुपारी भात हवा होता. हे पहिलं गिऱ्हाईक.

ते गिऱ्हाईक तमिळ होतं, पण त्याला जेवू घालायला पुढे आला तो दक्षिण कानडाचा माणूस: उडुपी, कुंदापूर, कार्कळ या पट्ट्यातला. घरी तुळू, कन्नड किंवा कोकणी बोलणारा. उडुपीच्या कृष्णमठात आणि त्याच्या आठ मठांत शेकडो माणसांचा स्वयंपाक रोज रांधला जातो, तोही कांदा-लसणाशिवाय. मोठ्या पातेल्यातला स्वयंपाक, ठरलेली वेळ, सोवळं आणि पंगतीची शिस्त या सगळ्यांची सवय त्या मुलखात आधीपासून होती. त्यात पोटाची निकड आली. १९२३ च्या मोठ्या पुराने त्या भागाचं कंबरडं मोडलं आणि मुलं बोटीने मुंबईला येऊ लागली. भांडी घासायची, रात्री हॉटेलातच झोपायचं, कन्नड रात्रशाळेत शिकायचं, मग टेबल, मग तवा, मग गल्ला आणि जमलं तर भागीदारी, ही चढती शिडी अनेक दशकं टिकली. पुढे १९७४ च्या कर्नाटकातल्या जमीन सुधारणांनी बंट या जमीनदार समाजाच्या जमिनी कुळांकडे गेल्या आणि त्यातली शेट्टी मंडळी आणखी मोठ्या संख्येने या धंद्यात शिरली.

पैशाची बाजूही विसरू नये. कॅनरा बँक आणि कॉर्पोरेशन बँक या दोन्ही १९०६ च्या, सिंडिकेट बँक १९२५ ची, विजया बँक १९३१ ची. सगळ्यांचा जन्म मंगळूर-उडुपीच्या त्याच छोट्या पट्ट्यात. दारोदार फिरून रोजचे दोन-चार आणे गोळा करणारी ‘पिग्मी’ ठेव सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये सुरू केली. दिवसाच्या गल्ल्यातून थोडं बाजूला टाकायचं, ही हॉटेलवाल्याची सवय आणि ही ठेव एकाच मातीतली आहे.

आता खाण्याकडे.

राम आश्रय १९३९ पासूनचं. स्टेशनला लागून, पहाटे उघडणारं. इथे सकाळी सातच्या आत जावं. नऊनंतर शनिवार-रविवारी रांग फुटपाथवर येते आणि अनोळखी माणसासमोर टेबल वाटून घ्यावं लागतं. त्यात वावगं काही नाही. टेबल वीस मिनिटांत रिकामं होण्यावरच या धंद्याचं गणित उभं आहे. इथला शिरा मागवाच, विशेषतः अननसाचा. चांगल्या शिऱ्याची खूण अशी: रवा तुपात मंद आचेवर इतका भाजलेला असतो की पाणी पडल्यावर प्रत्येक कण फुगतो पण एकमेकांना चिकटत नाही, आणि वाटी उपडी केली तर आकार धरून ठेवतो. अननसाचा शिरा अवघड, कारण फळाच्या आंबटपणाने आणि पाण्याने रवा मऊ पडतो. फोडी साखरेत आधी शिजवून त्यातलं पाणी आटवलं नाही तर तासाभरात शिरा सुटतो. इथे तसं होत नाही. उपमाही मागवून बघा. कढीपत्ता, आलं, मिरची, खोबरं यांच्यावर उभा असलेला, मराठी घरच्या उपम्यापेक्षा मऊ आणि ओलसर.

कॅफे मद्रास १९४० चं, किंग्ज सर्कलच्या बाजूला. नाव मद्रासचं असलं तरी चालवणारं कुटुंब कामत, म्हणजे कोकणी बोलणारं. उडुपी तेव्हा मद्रास इलाख्यातच होतं (१९५६ मध्ये राज्यांची फेररचना होईपर्यंत), आणि मुंबईकरांच्या लेखी कारवारच्या खालचे सगळेच ‘मद्रासी’. या हॉटेलात रसम वडा घ्यावा. वडा रसमात किती वेळ भिजलाय यावर सगळं ठरतं: पाच मिनिटं कमी, अर्धा तास जास्त. मधला भाग अजून किंचित घट्ट आणि कडा मऊ, अशा वेळी तो पानात यायला हवा. नाचणीचा डोसा हा इथला आणखी एक चांगला पदार्थ. नाचणीत चिकटपणा देणारं प्रथिन नसतं, त्यामुळे डोसा तव्यावर फाटतो. त्यासाठी उडीद थोडा वाढवावा लागतो आणि पीठ साध्या डोशाच्या पिठापेक्षा पातळ ठेवावं लागतं. नीर डोसा मागवलात तर तो गरम असतानाच संपवा. त्यात उडीद नाही, आंबवणं नाही. भिजवलेला कच्चा तांदूळ वाटून ताकासारखा पातळ करायचा आणि पळीने पसरवायच्या ऐवजी तव्यावर ओतायचा. निवला की त्याचं रबर होतं. उडुपीच्या घरांत तो रोजचा, आणि कोकणी मराठी माणसाला घावनाची आठवण करून देणारा.

रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून, स्टेशनसमोर, पहिल्या मजल्यावर. कूपन घ्यायचं, नंबर लागायची वाट बघायची, बसायचं. केळीच्या पानाचं निमुळतं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला येतं. पानावर पाण्याचा हबका मारून ते हाताने पुसून घ्यावं. आधी भाज्या, कोशिंबीर, लोणचं. मग भात आणि सांबार. मग भात आणि रसम. शेवटी भात आणि ताक. हा क्रम नुसता रिवाज म्हणून नाही. घट्ट आणि गोडसर सांबारानंतर चिंच-मिरीचं पातळ रसम तोंड साफ करतं, आणि ताकाने पोट थंड होतं. क्रम उलटा करून पाहा, सांबार अळणी लागेल. इथली भाजी म्हणजे कोकणी ‘उपकरी’: मोहरी, सुकी मिरची, किसलेलं खोबरं, बस. फरसबी किंवा कोबी हिरवा राहतो, कारण झाकण ठेवून उकडलेला नसतो. जेवण मांसाहारीच हवं, चमचमीतच हवं, अशा अपेक्षेने जाणाऱ्याला ते फिकं वाटेल. त्याने जाऊ नये. ज्याला साध्या वरण-भाताचं मोल कळतं, त्याने इथलं जेवण किमान दोनदा खावं, कारण पहिल्या वेळी सगळं लक्ष वाढणाऱ्यांच्या वेगाकडेच जातं.

कॅफे मैसूर ही किंग्ज सर्कलची आणखी एक जुनी जागा, १९३६ ची. मैसूर मसाला डोशाबद्दल इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मुंबईच्या रस्त्यावर ‘मैसूर मसाला’ म्हणजे टोमॅटो, ढोबळी मिरची, बीट आणि लोणी तव्यावरच कुस्करून केलेला लगदा. मूळ पद्धतीत आतून लाल मिरचीची चटणी पातळ फासलेली असते आणि वर बटाट्याची साधी पिवळी भाजी. दोन्ही आपापल्या जागी चांगले. फक्त मागवताना कोणता हवा हे माहीत असावं. रस्त्यावरचा डोसा हा गुजराती आणि पंजाबी गिऱ्हाइकांच्या तोंडाला जुळवून घेता घेता घडलेला मुंबईचा पदार्थ आहे.

माटुंग्यात तमिळ आणि कानडी माणसांच्या बरोबरीने कच्छी व्यापारीही आले. रस्त्यांची नावं आजही ते सांगतात: एकीकडे भाऊ दाजी आणि भांडारकर, दुसरीकडे लखमसी नप्पू. कच्छी जैन कुटुंबांना कांदा-लसूण चालत नाही, बरेचजण बटाटाही खात नाहीत. उडुपीच्या सात्त्विक स्वयंपाकात कांदा-लसूण मुळातच नव्हता. म्हणजे गल्ल्यावर बसलेल्याला या नव्या गिऱ्हाइकासाठी स्वयंपाकघर बदलावं लागलं नाही. मसाला डोशात बटाट्याऐवजी कच्चं केळं घातलं की झालं. दोन परमुलखांतून आलेल्या माणसांचे खाण्याचे निर्बंध एकमेकांत असे चपखल बसले आणि त्यातून दोन्ही वेळा भरलेलं हॉटेल उभं राहिलं. खालसा, रुईया, पोदार, व्हीजेटीआय, यूडीसीटी (आताची आयसीटी) या कॉलेजांची मुलं तिसरी. तमिळ कारकून सकाळी, विद्यार्थी दुपारी, कच्छी कुटुंब रात्री. एकाच समाजाच्या गिऱ्हाइकावर अवलंबून राहिलं असतं तर हॉटेल दिवसातले दोन-तीन तास भरलं असतं आणि उरलेला वेळ भट्टी फुकट जळली असती.

सगळं गोडीगुलाबीने झालं असंही नाही. १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली तेव्हा पहिला रोख दाक्षिणात्यांवर होता आणि उडुपी हॉटेलांवर हल्लेही झाले. हॉटेलं टिकली, आणि ज्यांना दूर करायचं म्हणत होते त्यांच्याच टेबलावर मराठी माणूस इडली खात राहिला. आज मराठी घरात रविवारचा नाश्ता इडली-सांबार असणं इतकं अंगवळणी पडलंय की तो पदार्थ बाहेरचा होता हेच मुलांना सांगावं लागतं. मुलखातून आलेली माणसंही बदलली: बटाटेवडा, मिसळ, साबुदाणा वडा आणि उपासाच्या दिवशी वेगळी पाटी, हे सगळं उडुपीवाल्याने मराठी गिऱ्हाइकासाठी उचललं.

तव्यामागे आता.

इडलीच्या पिठाचं माप साधं असतं: उकडा तांदूळ चार वाट्या, साल काढलेला अख्खा उडीद एक वाटी, मेथीचे दाणे अर्धा चमचा. इडली रवा वापरला तर दोनास एक. एक किलो तांदूळ आणि पाव किलोहून थोडा जास्त उडीद यातून साधारण तीन-सव्वातीन किलो पीठ होतं आणि पन्नास ग्रॅमच्या साठ-पासष्ट इडल्या निघतात. उडीद आणि तांदूळ वेगळे भिजवायचे आणि वेगळे वाटायचे. उडीद दगडाच्या ग्राइंडरमध्ये पंचवीस-तीस मिनिटं, थंड पाणी थोडं थोडं घालत. त्याचा थेंब वाटीतल्या पाण्यात टाकला तर तरंगला पाहिजे. बुडाला तर अजून हवा भरायची आहे. मिक्सरमध्ये पातं वेगाने फिरतं, पीठ तापतं, उडदाचा फुगण्याचा जोर जातो. जड इडलीचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच.

यापुढे मुंबईची हवा आडवी येते. उडुपीही दमट आहे, त्यामुळे या लोकांना सवय होती. बंगळूरकडून शिकून आलेल्या आचाऱ्याला मात्र इथे पहिला मे महिना जड जातो. तिथे पीठ फुगायला बारा तास लागत असतील तर मुंबईच्या मे महिन्यात सहा तासांत फुगून ऊतू जातं आणि सकाळपर्यंत आंबट होतं. जुने लोक वाटताना बर्फाचं पाणी घालतात, पीठ रात्री उशिरा वाटतात आणि फुगलं की लगेच थंडीत ठेवतात. डिसेंबर-जानेवारीत उलट: संध्याकाळी लवकर वाटायचं, भांडं भट्टीजवळ ठेवायचं. ज्या हॉटेलात बारा महिने एकाच वेळी पीठ वाटतात तिथे वर्षातून दोनदा इडली बिघडते. एक मात्र ध्यानात घ्यावं: आंबट झालेल्या पिठाचा डोसा बरा लागतो, इडली नाही. म्हणून हुशार भट्टीवाला कालचं पीठ डोशाला आणि आजचं इडलीला वापरतो.

डोशाचा तवा जाड लोखंडाचा, इंचभर तरी. पाण्याचा हबका मारून झाडूने पुसतात ते नुसतं साफ करायला नव्हे. तवा जास्त तापला तर पीठ पसरण्याआधीच धरतं आणि पळीबरोबर उचललं जातं. हबक्याने वरचा थर थोडा निवतो, पीठ पसरतं, मग तवा आतून पुन्हा तापतो आणि खालची बाजू एकसारखी बदामी होते. डोशाच्या खालच्या बाजूला पांढरे डाग दिसले तर तवा एका कोपऱ्यात गार आहे. आता, याच तव्यावर पावभाजी आणि सँडविचही टाकायला लागलात तर डोसा मेला: लोणी-मसाल्याचा थर पिठाला धरू देत नाही. साठ-सत्तर पदार्थांच्या, पंजाबी आणि चायनीजसह छापलेल्या मेनूकार्डाचं नुकसान इथे होतं. १९८० नंतर मुंबईतल्या बहुतेक उडुपी हॉटेलांनी तो मार्ग धरला. कारणं समजण्यासारखी आहेत, भाडं वाढलं, गिऱ्हाईक संध्याकाळचं झालं. माटुंग्याच्या जुन्या ठिकाणांनी यादी वाढवली तीही दक्षिणेतल्याच पदार्थांनी: पोडी (मसाल्याची पूड) माखलेली इडली, गोळी बजे ही गोल भजी, पिकलेल्या केळ्याचे मंगळुरी बन्स, फणसाच्या पानात उकडलेली ‘खोट्टो’ इडली. पीठ, तवा, वाफ तेच, त्यामुळे भट्टीवर ताण येत नाही.

सांबारावरून वाद होतात, त्याचं कारण इतकंच की ते दोन आहेत. उडुपी सांबारात वाटलेलं खोबरं आणि गूळ असतो, म्हणून ते दाट आणि गोडसर. तमिळ सांबार तुरीची डाळ, चिंच आणि भाजलेल्या धणे-मेथीच्या पुडीवर चालतं. गोड लागलं म्हणून परत पाठवू नका. आंबट लागलं, तर मात्र सकाळचं सांबार दुपारी चिंचेचं पाणी घालून वाढवलंय असं समजायचं. चटणीचीही एक खूण आहे.  खोबऱ्याची ताजी चटणी दुधट दिसते, आणि मुंबईच्या हवेत तीन-चार तासांनंतर ती वाढण्याजोगी राहत नाही. त्यामुळे चांगल्या ठिकाणी दिवसातून तीनदा तरी चटणी वाटली जाते.

या हॉटेलांच्या आजूबाजूचा बाजार बघितल्याशिवाय हा फेरा पुरा होत नाही. केळीची पानं, कोहळा, मंगळुरी काकडी, शेवग्याच्या लांब शेंगा, कच्चं केळं, नेंद्रन केळी, ताजा कढीपत्ता, मोगऱ्याचे आणि अबोलीचे गजरे. भाजीवाल्या अनेक, आणि आता त्या वेगवेगळ्या राज्यांतल्या. हॉटेलवाल्याला पहाटे पाच वाजता पन्नास पानं आणि दोन कोहळे चालत जाऊन मिळतात, हे त्याचं खरं भांडवल. ठाण्यात किंवा पुण्यात त्याच दर्जाचं हॉटेल टाकणारा बहुतेक वेळा इथेच अडखळतो: आचारी नेता येतो, बाजार नेता येत नाही. पानांऐवजी स्टील आलं तर चालतं. पण ताज्या नारळाऐवजी सुकं खोबरं आलं की चटणी गेली.

जागेचा प्रश्न आणखी मोठा. ही हॉटेलं १९३६ ते १९४२ या काळात भाड्याने घेतलेल्या जागांत सुरू झाली, आणि १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीला बांधली गेली. जुनं भाडं आणि पागडी (जागेच्या ताब्यासाठी एकरकमी दिलेले पैसे) यांच्यामुळे इडलीचा भाव आवाक्यात राहिला. आज नव्याने गाळा घेणाऱ्याला ते शक्य नाही. त्यातून ‘कंडक्टिंग’ पसरलं: परवाना आणि जागा मूळ मालकाची, चालवणारा दुसराच, दर महिन्याला ठरलेली रक्कम मोजून. अकरा महिन्यांचा करार, वर अनामत. अशा हॉटेलात चालवणाऱ्याचं लक्ष पुढच्या वर्षापेक्षा या महिन्याच्या हप्त्यावर राहतं. उडीद हलका येतो, तूप वनस्पतीवर जातं, तवा घासला जात नाही. पाटी तीच आणि चव निराळी लागली तर बहुधा हे घडलेलं असतं. नव्या माणसाने कंडक्टिंग घेताना तीन वर्षांपेक्षा कमी मुदतीला हात घालू नये, आणि ग्राइंडर, तवा, एक्झॉस्ट कोणाच्या खर्चाने दुरुस्त होणार हे करारात लिहून घ्यावं. भांडणं तिथेच होतात.

मालकांची मुलं डॉक्टर, इंजिनिअर झाली, गावाकडून येणारा मुलगा आता बंगळूरला जातो किंवा आखाती देशांत. वाढणारे आणि भट्टीवरचे हात ओडिशा, झारखंड, उत्तर प्रदेश, नेपाळमधले आहेत. यात तक्रार करण्यासारखं काही नाही; शंभर वर्षांपूर्वी कुंदापूरचा पोरगा जे करत होता तेच हे करतात. फरक एकच आणि तो महत्त्वाचा: पूर्वी भांडी घासणारा मुलगा आणि गल्ल्यावरचा माणूस एकाच भाषेतले, बहुधा एकाच गावचे असत, त्यामुळे शिडी वर चढता येई. मालक स्वतः त्याच शिडीवरून आलेला असे. आता शिडीच्या दोन टोकांना दोन भाषा आहेत. ज्या मालकांनी ओडिया मुलालाही पीठ वाटण्यापासून तव्यापर्यंत, आणि तव्यापासून हिशेबापर्यंत शिकवलं, त्यांचा तवा आजही चांगला आहे. त्या मुलांपैकी काहींनी उपनगरांत स्वतःच्या डोशाच्या गाड्या टाकल्या, त्यांचं पीठ ओळखू येतं. आमच्या मते माटुंग्याच्या पुढच्या पन्नास वर्षांचा प्रश्न हाच आहे, आणि कोणत्या हॉटेलात जावं हे ठरवताना आम्ही वाढणाऱ्यांच्या वागण्याकडे बघतो. जो वाढपी विचारल्यावर ‘आज शिरा घेऊ नका, पुढचा घाणा येतोय’ असं सांगतो, तिथे त्याला हॉटेल आपलं वाटतं.

याच पदार्थाचा दुसरा धंदा पाहायचा तर जवळच्या धारावीत जावं. तिथे तिरुनेलवेलीकडून आलेली तमिळ कुटुंबं घरातच पहाटे तीन-चारपासून इडल्या उकडतात आणि सहाच्या सुमारास माणसं सायकलवर ॲल्युमिनियमची पातेली बांधून रबरी भोंगा वाजवत मुंबईभर निघतात. गाळा नाही, टेबल नाही, परवान्याची धडपड नाही. भांडवल म्हणजे ग्राइंडर, इडलीपात्र, सायकल. इडली मोठी, थोडी घट्ट, कारण प्रवासात तुटता कामा नये. चटणी तिखट आणि डाळ्याची, कारण ती दहा वाजेपर्यंत टिकली पाहिजे. उडुपीच्या इडलीशी तुलना करून तिला नावं ठेवणं चुकीचं आहे. ती वेगळ्या कामासाठी घडवलेली आहे. सकाळी सातला गरम असताना घ्या, नवानंतर नको.

परतताना कॉफीची पूड घ्यावी. मैसूर कन्सर्न्ससारख्या जुन्या दुकानांत बिया समोर दळून मिळतात, तो वास रस्त्यापर्यंत येतो. मागताना तीन गोष्टी सांगायच्या: बी कोणती, चिकोरी (कॉफीत मिसळायची भाजलेल्या मुळाची पूड) किती, दळण कसं. रोजच्या कॉफीला पीबेरी (फळात एकटीच वाढलेली गोल बी) आणि प्लँटेशन ए (मोठ्या दाण्याची अरेबिका) अर्धी-अर्धी, चिकोरी वीस टक्के. चिकोरीने काढा दाट आणि काळा होतो, पण तीसच्या पुढे गेली की कडू आणि चिकट लागतो, आणि दुकानदाराला स्वस्त पडते म्हणून न सांगता वाढवलीही जाते. प्रमाण पुडीवर लिहून घ्या. दळण फिल्टरचं, फार बारीक नको. एका वेळी दोनशे ग्रॅमच्या वर घेऊ नका, दोन आठवड्यांत वास उडतो, आणि डबा फ्रिजमध्ये ठेवू नका, ओल धरतो.

घरी स्टीलच्या फिल्टरच्या वरच्या भांड्यात तीन मोठे चमचे, म्हणजे वीस ग्रॅमच्या आसपास पूड. दांड्याच्या चकतीने नुसती सपाट करायची, दाबायची नाही. दाबली की काढा उतरतच नाही आणि लोक पुडीला दोष देतात. पाणी उकळून अर्धा मिनिट थांबायचं, मग सव्वाशे मिली गोल फिरवत ओतायचं, झाकण लावायचं. वीस मिनिटं हात लावायचा नाही. पाच मिनिटांत सगळं पाणी खाली आलं तर दळण जाड आहे, तासभर अडलं तर बारीक. पुढच्या वेळी दुकानात तसं सांगायचं. काढा एक भाग, नुकतंच उकळलेलं सायीसकट दूध तीन भाग, साखर आधी पेल्यात. काढा पुन्हा गरम करायचा नाही, गरम दूधच त्याला तापवतं. पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात, हातभर उंचीवरून दोनदा.